शिबं आणि कोंड्याचं गोत्र

उन्हाळा संपत आला, घामाने अंग चिकट होऊ लागलं की कित्येकांच्या मानेवर, छातीवर, खांद्यांवर ठिपके उमटतात. सावळ्या अंगावर ते पांढुरके दिसतात, गोऱ्या अंगावर तपकिरी. नखाने खरवडलं तर बारीक भुसकट निघतं. ही शिबं. ती दुखत नाहीत, फारशी खाजतही नाहीत. औषध लावलं की जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतात. हे कोड तर नव्हे ना, या धास्तीने डॉक्टरांची पायरी चढणारेच जास्त. डोक्यातला कोंडा आणि छातीवरची शिबं यांचं काही नातं असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. नातं आहे, आणि अगदी जवळचं आहे. ते नीट सिद्ध व्हायला मात्र जवळजवळ दीडशे वर्षं लागली. या काळात एकाच जिवाला डझनभर नावं मिळाली, मग ती सगळी पुसून दोनच उरली आणि शेवटी डीएनएच्या पुराव्यावर पुन्हा नवी नावं द्यावी लागली.

सुरुवात १८४६ साली झाली. बाल्टिक किनाऱ्याजवळच्या ग्राइफ्सवाल्ड गावात कार्ल आइखश्टेट या जर्मन वैद्याने शिब्यांचं भुसकट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्याला आखूड तंतू आणि त्यांच्या आजूबाजूला गोल पेशींचे घोस दिसले. ही बुरशी होती. त्या काळाचा विचार केला तर हे निरीक्षण किती मोठं होतं ते कळतं. रोग जंतूंमुळे होतात हा विचार पाश्चर आणि कॉख यांनी अजून मांडायचा होता. पण बुरशी आकाराने मोठी, साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसणारी. त्यामुळे जंतू आणि रोग यांची पहिली सांगड बुरशीनेच घालून दिली. इटलीत आगोस्तिनो बास्सीने १८३५ साली रेशीमकिड्यांच्या रोगामागची बुरशी दाखवली, १८३९ साली योहान श्योनलाइनने डोक्यावरच्या खपल्यांच्या रोगात ती पाहिली. आइखश्टेट त्याच मालिकेतला. १८५३ साली पॅरिसच्या शार्ल रोबँने या बुरशीला ‘मायक्रोस्पोरॉन फर्फर’ असं नाव दिलं. त्यातलं ‘फर्फर’ आजही टिकून आहे.

गुंता सुरू झाला तो १८७४ मध्ये. लुई-शार्ल मालासे हा पॅरिसमधला ऊतिशास्त्रज्ञ. रक्तातल्या पेशी मोजायची काचेची चौकट बनवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्याचं नाव येतं. दातांच्या मुळांभोवतीच्या काही पेशीसमूहांनाही त्याचंच नाव आहे. त्या वर्षी त्याने कोंड्यावर एक टिपण प्रसिद्ध केलं. डोक्यावरून झडणाऱ्या पापुद्र्यांत त्याला लहान लहान पेशी दिसल्या. काही गोल, काही बाटलीसारख्या निमुळत्या, आणि एका टोकाला अंकुर फुटलेल्या. तंतू मात्र कुठेही नव्हते.

इथे दोन चित्रं समोर आली. शिब्यांत तंतू आणि पेशी दोन्ही, कोंड्यात नुसत्या अंकुरणाऱ्या पेशी. ही एकच बुरशी की दोन? ज्यांनी दोन मानल्या त्यांनी दोन नावं दिली. १८८९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी बायों याने शिब्यांच्या बुरशीला मालासेच्या सन्मानार्थ ‘मॅलसेझिया’ म्हटलं, खरं तर मालासेचं निरीक्षण कोंड्याचं होतं. १९०४ साली रेमों साबुरो या नामवंत त्वचारोगतज्ज्ञाने कोंड्याच्या यीस्टला, म्हणजे अंकुरणाऱ्या एकपेशी बुरशीला, ‘पिटिरोस्पोरम’ हे वेगळं नाव दिलं, आणि पुढे मालासेचंच नाव जोडलं. एका माणसाचं नाव दोन वेगळ्या कप्प्यांवर लागलं. पुढची ऐंशी वर्षं त्वचारोगाच्या पुस्तकांत हे दोन्ही कप्पे शेजारी शेजारी राहिले. १९१३ साली कोलंबोत काम करणारा आल्दो कास्तेलानी आणि त्याचा सहकारी चाल्मर्स यांनी ‘पिटिरोस्पोरम ओव्हाले’ हे नाव रूढ केलं.

वाद मिटत नव्हता याचं कारण साधं होतं. ही बुरशी प्रयोगशाळेत वाढत नव्हती. एखादा जंतू रोगाला कारणीभूत आहे असं म्हणायचं तर तो रोग्यापासून वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवता यायला हवा, ही कॉखच्या काळापासूनची अट. साखर, पेप्टोन, आगर यांच्या नेहमीच्या खाद्यावर बाकी यीस्ट भराभर वाढतात. ही मात्र वाढत नसे. कुणी कधी वाढवलीच तर पुढच्या काचपात्रात नेताच मरत असे. त्वचेवर लाखोंनी सापडणारा जीव काचेत टिकेना, आणि ज्याला तपासता येत नाही त्याच्याविषयी फक्त मतं मांडता येतात.

या मतांच्या गर्दीत कलकत्त्याचं एक काम होतं. ते वैद्यकाच्या इतिहासात फार कमी वेळा आठवलं जातं याची मला खंत वाटते. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ह्यू अ‍ॅक्टन आणि गणपती पांजा यांनी डोक्यातला कोंडा व त्यासोबतचा त्वचादाह यांचा अभ्यास केला आणि १९२७ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये तो छापला. कोंड्याच्या या यीस्टला त्यांनी मॅलसेझियाच्या नावाखालीच ठेवलं आणि रोगाचं कारणही तिच्याच माथी मारलं. पांजांनी त्याच वर्षी त्वचेवरच्या या यीस्टच्या लागवडीवर, आकारावर आणि प्रजातींवर स्वतंत्र निबंधही लिहिला. युरोपात कोंडा आणि शिबं यांचे दोन वेगळे संसार चालू असताना कलकत्त्याच्या दवाखान्यात, जिथे उष्ण दमट हवेत दोन्ही रोग एकाच रांगेत बसलेले दिसत, तिथे एक धागा पकडला गेला होता. आंतरराष्ट्रीय नामकरणाने तो १९८६ साली मान्य केला.

त्याच सुमाराला फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एका भारतीय गेंड्याची कातडी सोलून निघू लागली. फ्रेड वाइडमन याने १९२५ साली त्या कातडीतून एक यीस्ट वेगळी काढली आणि तिला जाड कातडीच्या प्राण्यावरून ‘पॅकिडर्मॅटिस’ असं नाव दिलं. ही यीस्ट पुढे कुत्र्यांच्या कानांत सर्रास सापडली. आणि नेहमीच्या खाद्यावर वाढणारी तेवढी ही एकच होती. त्यामुळे बराच काळ असं समजलं गेलं की या घराण्यात हिला एकटीला तेल लागत नाही. ते खरं नव्हतं. तिलाही मेदाम्लं बाहेरूनच घ्यावी लागतात. पेप्टोनमधल्या थोड्याशा स्निग्धांशावर ती भागवते, एवढंच.

तेलाचा शोध मात्र न्यू यॉर्कमध्ये लागला. कोलंबिया विद्यापीठात रोडा बेनहॅम यांची वैद्यकीय बुरशीशास्त्राची प्रयोगशाळा होती, आणि अमेरिकेत या विषयाची बैठक घालणाऱ्यांत त्या अग्रणी. १९३९ साली त्यांनी दाखवून दिलं की कोंड्याच्या यीस्टला वाढायला स्निग्ध पदार्थ लागतात. खाद्यावर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर दिला की इतकी वर्षं हट्ट करणारी यीस्ट वाढू लागते. आता पाहिलं तर यात आश्चर्य नाही. ती राहते टाळू, कपाळ, नाकाच्या कडा, छाती आणि पाठ इथे, म्हणजे तैलग्रंथी जिथे सर्वांत जास्त तिथे. वयात येण्याआधी ती अंगावर थोडी असते, तारुण्यात ग्रंथी जाग्या झाल्या की वाढते. मुलांना कोंडा कमी होतो आणि सोळाव्या वर्षानंतर तो पिच्छा सोडत नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

तेल मिळालं, यीस्ट वाढू लागली आणि गोंधळ आणखी वाढला. १९५१ साली मॉरिस गॉर्डन यांनी शिब्यांतून आणि निरोगी त्वचेवरूनही गोल पेशींची यीस्ट काढली आणि तिला ‘ऑर्बिक्युलारे’ हे नवं नाव दिलं. लंबगोल ती ‘ओव्हाले’, गोल ती ‘ऑर्बिक्युलारे’. पण एकाच काचपात्रातल्या गोल पेशी काही आठवड्यांत लंबगोल होऊ लागल्या, काही लंबगोल परत गोल झाल्या, आणि विशिष्ट परिस्थितीत काहींनी तंतूही काढले. १९७७ साली सॉल्किन आणि गॉर्डन यांनी ही बहुरूपता मांडली. मग प्रामाणिक निष्कर्ष एकच निघत होता: आकारावर विसंबणं व्यर्थ, हे सगळं एकाच यीस्टचं वेषांतर आहे. १९८६ साली नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने ‘पिटिरोस्पोरम’ बाजूला सारून ‘मॅलसेझिया’ हे नाव पक्कं केलं. माणसांवरची ती ‘फर्फर’ आणि प्राण्यांवरची ती ‘पॅकिडर्मॅटिस’, असे दोनच नग उरले.

ज्यांनी हे एकत्रीकरण केलं त्यांना मी दोष देणार नाही. हाती असलेल्या पुराव्यावर तेच योग्य होतं. पण त्याची किंमत मोठी होती. शिबं असलेल्या माणसाच्या पाठीवर फर्फर, निरोगी माणसाच्या पाठीवरही फर्फर, कोंड्यात फर्फर, कोंडा नसलेल्या डोक्यातही फर्फर. मग ही रोग करते की नुसती तिथे राहते? फिलाडेल्फियात अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ठामपणे मांडलं की कोंड्यात यीस्टचा दोष नाही. टाळूची कातडी आधी भराभर सुटते आणि तेल खाणारी यीस्ट त्या गर्दीत येते. त्यांच्या वजनामुळे हे मत बरंच टिकलं. १९८४ साली ब्रिटनच्या सॅम शुस्टर यांनी उलट बाजू मांडली. कीटोकोनॅझोल हे बुरशीचं औषध. त्याने कोंडा जातो, आणि कोंडा घालवणारी बाकीची सारी जुनी औषधंही कुठे ना कुठे यीस्टलाच मारतात. रोगी बरा होतो तो यीस्ट मेल्यामुळे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज घरोघरी न्हाणीघरात दिसणाऱ्या कोंडानाशक शांपूंचं शास्त्र त्या वादातून उभं राहिलं.

शिब्यांचा फिकट रंग हाही एक वेगळा प्रश्न होता. रोममधल्या सान गॅलिकानो संस्थेत मार्चेला नाझारो-पोरो आणि सिरो पास्सी यांनी १९७८ साली सुचवलं की ही यीस्ट त्वचेवरच्या मेदाम्लांपासून अ‍ॅझेलेइक आम्ल बनवते, आणि ते आम्ल कातडीला रंग देणाऱ्या पेशींचं काम रोखतं. फिकटपणाचं हे एकच कारण पुरेसं आहे का, यावर पुढे मतभेद झाले. पण ते आम्ल स्वतः मुरुमांवरचं आणि काळ्या डागांवरचं मलम बनून औषधांच्या दुकानात पोहोचलं.

त्याच वर्षांत यीस्टचा आणखी एक, जास्त गंभीर चेहरा समोर आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शिरेतून मेदाचं दुधासारखं द्रावण देणं १९७०च्या दशकात सुरू झालं होतं. १९८१ साली अमेरिकेत अशा एका बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये मॅलसेझिया सापडल्याची नोंद झाली. कातडीवर गुपचूप राहणाऱ्या जिवाला तेलाची थेट नळी रक्तापर्यंत मिळाली होती. बेनहॅम यांनी काचपात्रात दिलेला तेलाचा थर आणि या नवजात अर्भकाच्या शिरेतलं द्रावण, दोन्हीकडे त्या यीस्टची भूक एकच.

डीएनए या कथेत आला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस, पॅरिसमध्ये. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एव्हलिन गेओ यांनी आधी १९८९ मध्ये सगळ्या मॅलसेझिया घराण्याचा जनुकीय आढावा घेतला आणि पुढच्या वर्षी सहकाऱ्यासह ‘सिंपोडियालिस’ ही नवी प्रजाती मांडली. मग आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेतले जाक गियो त्यांना येऊन मिळाले. दोघांनी माणसांवरून आणि जनावरांवरून गोळा केलेल्या यीस्टचा संग्रह उघडला आणि दोन कसोट्या लावल्या. पहिली जुनी आणि कष्टाची. डीएनए तापवला की त्याचे दोन धागे सुटतात. दोन यीस्टचे सुटे धागे एकत्र करून हळूहळू थंड केले की जिथे मजकूर जुळतो तिथे ते पुन्हा बिलगतात. किती बिलगतात यावर नातं कळतं. दुसरी कसोटी रायबोसोमच्या आरएनएतल्या अक्षरांच्या क्रमाची. १९९५ साली त्यांनी निकाल छापला: आकार बदलणारी ती एक यीस्ट नव्हतीच. आकार खरोखर बदलत होते, पण त्याखाली स्वतंत्र वंशाच्या, एकमेकींपासून लाखो वर्षांपूर्वी दुरावलेल्या प्रजाती होत्या.

लंडनच्या सेंट जॉन्स संस्थेत गिलियन मिजली याच निष्कर्षाकडे वेगळ्या वाटेने येत होत्या. काचपात्रातल्या वसाहतींचा रंग, वळ्या, काठ, पेशींची ठेवण पाहून त्यांनी ‘ओव्हाले’ आणि ‘ऑर्बिक्युलारे’चे अनेक प्रकार पाडले होते. तिघांनी मिळून १९९६ साली चार नव्या प्रजाती जाहीर केल्या: ग्लोबोसा, ऑब्ट्युसा, रिस्ट्रिक्टा आणि स्लूफी. शेवटचं नाव नेदरलँड्सच्या यीस्ट संग्रहात काम केलेल्या विल्हेल्मिना स्लूफ यांच्या आठवणीसाठी. अशा प्रकारे दोनाच्या सात झाल्या. मालासेने डोक्यावर पाहिलेल्या त्या बारीक, बाटलीसारख्या पेशींचा शोध आता रिस्ट्रिक्टा आणि ग्लोबोसापर्यंत येऊन पोहोचला. दीडशे वर्षांचं वर्गीकरण एका निबंधाने उलथवलं, आणि तेही कुणाचं जुनं निरीक्षण खोटं न ठरवता. गॉर्डन यांनी पाहिलेल्या गोल पेशी खऱ्या होत्या. त्या बहुधा ग्लोबोसाच्या होत्या.

आता जुने प्रश्न नव्याने विचारता येऊ लागले. शिब्यांत सगळ्यात जास्त कोण? स्पेनमधल्या मालागाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००० साली सांगितलं, ग्लोबोसा, आणि तेही तंतू काढलेल्या अवस्थेत. पण कॅनडातल्या अभ्यासात सिंपोडियालिस वरचढ दिसली, तर इंडोनेशियात फर्फर. हवामान, त्वचेचा प्रकार, नमुना घ्यायची पद्धत, सगळ्याचा यात हात आहे. रिस्ट्रिक्टा तर इतकी सावकाश वाढते की काचपात्रात बाकीच्यांनी जागा व्यापेपर्यंत ती दिसतच नाही. जपानमध्ये ताकाशी सुगिता यांनी त्यावर उपाय काढला: त्वचेला चिकटपट्टी लावून ओढायची आणि तिच्यावर आलेल्या पेशी न वाढवता थेट त्यांचा डीएनए वाचायचा. या पद्धतीने रिस्ट्रिक्टा अचानक सगळीकडे दिसू लागली. सुगितांच्या गटाने २००२ ते २००४ या काळात जपानी लोकांच्या त्वचेवरून डर्माटिस, जपोनिका आणि यामाटोएन्सिस या आणखी तीन प्रजाती काढल्या. नवं नवं सापडत गेलं. शेळ्या, घोडे, ससे, पोपट, अमेरिकेतली हिवाळ्यात झोपणारी वटवाघळं यांच्या अंगावरूनही. २०१८ पर्यंत आकडा १८ वर गेला होता.

त्यातली एक आपल्याकडची. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत, म्हणजे पीजीआयमध्ये, टाळूच्या त्वचादाहाच्या रुग्णांवरून आणि निरोगी लोकांवरून काढलेले काही नमुने रिस्ट्रिक्टासारखे दिसत होते, पण त्यांचा जनुकीय मजकूर तिच्याशी जुळत नव्हता. प्रसन्न होन्नावर, शिवप्रकाश रुद्रमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ती वेगळी प्रजाती म्हणून मांडली आणि तिला ‘अरुणालोकेई’ असं नाव दिलं, भारतातल्या वैद्यकीय बुरशीशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक अरुणालोक चक्रवर्ती यांच्या नावावरून. कोरोनाकाळात काळ्या बुरशीच्या बातम्यांत त्यांचं मत अनेकांनी वाचलं असेल. अ‍ॅक्टन आणि पांजा यांच्यानंतर नव्वद वर्षांनी या घराण्याच्या वंशावळीत भारतातल्या हातांनी पुन्हा एक नाव लिहिलं.

जनुकांच्या वाचनाचा व्यवहारातला उपयोग किती, असं विचारणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचं उदाहरण देईन. १९९३ ते १९९५ या काळात तिथल्या एका नवजात अतिदक्षता विभागात १५ बाळांमध्ये पॅकिडर्मॅटिस सापडली, काहींच्या रक्तातही. माणसांवर क्वचितच आढळणारी ही कुत्र्यांची यीस्ट काचेच्या पेटीतल्या बाळांपर्यंत कशी आली? तपासनीसांनी कर्मचाऱ्यांचे हात तपासले, मग त्यांच्या घरचे कुत्रे. बाळांच्या, एका परिचारिकेच्या आणि कर्मचाऱ्यांच्या तीन कुत्र्यांच्या यीस्टमधले डीएनएचे तुकडे हुबेहूब जुळले. प्रजातीच्या नावाने हा माग लागला नसता. एकाच प्रजातीतला नेमका वाण ओळखता आला म्हणून लागला. हात धुण्याची शिस्त कडक केल्यावर साथ थांबली.

संपूर्ण जनुकसंच वाचण्याचा मान २००७ साली शांपू बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. प्रॉक्टर अँड गँबलमधले थॉमस डॉसन आणि त्यांचे सहकारी यांनी ग्लोबोसाचा जीनोम प्रसिद्ध केला. सुमारे ९० लाख अक्षरांचा, ४,२८५ जनुकांचा; स्वतंत्र जगणाऱ्या बुरशींमध्ये सर्वांत छोट्यांपैकी एक. त्यात एक जागा रिकामी होती. मेदाम्लं घडवणारं एन्झाइम, जे जवळपास प्रत्येक जिवाकडे असतं, त्याचं जनुकच नव्हतं. रोडा बेनहॅम यांच्या तेलाचं उत्तर ६८ वर्षांनी मिळालं: ही यीस्ट तेल मागते कारण तिने ते बनवण्याची क्षमता कधीच गमावली आहे. त्याच्या जागी तिच्याकडे तेल फोडणारी लायपेझ आणि फॉस्फोलायपेझ एन्झाइमं भरपूर आहेत.

तिचे जवळचे नातलग कोण, तेही या वाचनातून पक्कं झालं. पाव फुगवणारी यीस्ट तिची जवळची नातलग नव्हे. ती मक्यावर आणि ज्वारीवर काणी आणणाऱ्या बुरशींच्या गटातली. मक्याच्या काणीची बुरशी वनस्पतीच्या पेशीभिंती फोडते, त्यातली साखर खाते. त्वचेवर राहायला आलेल्या शाखेने साखर फोडणारी बरीचशी हत्यारं टाकून दिली आणि तेल खाण्याची वाढवली. आपल्या शेतकऱ्याला काणी पुरेपूर ओळखीची असते, त्याच गटाची एक शाखा त्याच्या डोक्यावरही राहते.

कोंडा कसा होतो, याचं चित्रही आता बऱ्यापैकी जुळतं. यीस्टची लायपेझं त्वचेवरची चरबी फोडतात, त्यातली संपृक्त मेदाम्लं ती स्वतः खाते, ओलिइक आम्लासारखी असंपृक्त मागे सोडते. डॉसन यांच्याच गटाने २००५ साली शुद्ध ओलिइक आम्ल टाळूवर लावून पाहिलं. ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती होती त्यांच्या डोक्यातून पापुद्रे सुटले, बाकीच्यांच्या नाही. म्हणजे क्लिगमन पूर्ण चुकले नव्हते आणि शुस्टर पूर्ण बरोबर नव्हते. यीस्ट जितकी महत्त्वाची, तितकाच माणसामाणसांच्या त्वचेतला फरक.

२०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ज्युली सेग्रे आणि हायडी काँग यांच्या गटाने दहा निरोगी माणसांच्या अंगावरच्या १४ जागा तपासल्या. धड, डोकं, हात यांवरच्या ११ जागांवर मॅलसेझियाचंच राज्य, आणि तेही जागेगणिक वेगळ्या प्रजातींचं: कानामागे रिस्ट्रिक्टा, पाठीवर ग्लोबोसा. पायांवर चित्र एकदम बदललं. टाचेवर जवळजवळ ८० वेगवेगळ्या प्रकारच्या बुरशी सापडल्या. दोन वर्षांनी सिंगापूरच्या गटाने तोवर मान्य असलेल्या सर्व १४ प्रजातींचे २४ जीनोम एकत्र मांडले. त्यात असं दिसलं की या यीस्टनी काही जनुकं जीवाणूंकडून उचलली आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडचं विष मोडणारं कॅटालेझ हे त्यातलंच एक. १९९६ पासून प्रयोगशाळांतले लोक पेरॉक्साइडचा थेंब टाकून बुडबुडे येतात का पाहत आणि न आले तर रिस्ट्रिक्टा ओळखत. त्या साध्या चाचणीच्या मुळाशी लक्षावधी वर्षांपूर्वीची ही उसनवारी होती.

त्या जीनोमांमध्ये फर्फरचे काही नमुने विचित्र दिसले. त्यांचा जनुकसंच बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. २०२२ साली नेदरलँड्समधले बार्ट थीलन, टून बूखाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला: हे नमुने संकरित आहेत. फर्फरच्या दोन वेगळ्या शाखांच्या पेशी कधीतरी एकमेकींत मिसळल्या, दोघींचा जनुकसंच एकाच पेशीत राहिला आणि ती पेशी पुढे वाढत गेली. हे एकदाच नव्हे, वेगवेगळ्या वेळी घडलं. आइखश्टेटने पाहिलेल्या बुरशीला रोबँने दिलेलं ‘फर्फर’ हे नाव आज ज्या प्रजातीला चिकटलं आहे, तिच्यातच मूळ शाखा आणि त्यांचे संकर असे निरनिराळे जीव आहेत.

२००७च्या जीनोममध्येच मीलनाला लागणारी जनुकं दिसली होती, पण प्रत्यक्ष मीलन कुणी पाहिलं नव्हतं. २०२३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या जोसेफ हाइटमन यांच्या गटाने प्रयोगशाळेत पेशी एकत्र येण्याच्या पहिल्या पायऱ्या दाखवल्या. तिथून पुढचं पूर्ण लैंगिक चक्र, बीजाणूंसह, अजून कुणाच्याही सूक्ष्मदर्शकाखाली आलेलं नाही. मक्याच्या काणीत ते यजमान झाडाशिवाय पूर्ण होत नाही. त्वचेवरच्या या यीस्टलाही त्यासाठी यजमानाचीच गरज लागते का, हा प्रश्न उरतो.